देवरावचं नाक

अकोल्यातल्या एका परमिट रूममध्ये देवरावनं सव्वीस वर्षं दारू वाढली, पण थेंबभरही जिभेवर घेतली नाही. आई पंचफुलाच्या शेजारी बसून त्यानं पंचशील घेतलं होतं. त्यातलं पाचवं शील नशा न करण्याचं. हुंगायला मात्र शीलाची मनाई नव्हती. थेंब तळहातावर चोळून तो अस्सल-बनावट सांगायचा, आणि माल उतरवताना मालकही त्यालाच पुढे करायचा.

पिणाऱ्यांबद्दल त्याला काडीचा आदर उरला नव्हता. खुशालरावबद्दल तर नाहीच नाही. या बियाणेवाल्याच्या पिशव्यांतली कपाशी त्या साली अर्ध्या तालुक्यात उगवलीच नव्हती, आणि हा गडी बियाणं कंपनीकडून आलेली दिवाळीची खास बाटली मिरवत बसला होता. सोनेरी खोका, त्यावर पणत्या, आणि म्हणे अशा मोजक्याच बाटल्या निघाल्या.

"सिंगल माल्ट हाय, पानी टाकू नका," त्यानं पाहुण्यांना बजावलं.

प्राध्यापकाला मधाचा वास आला, ठेकेदाराला मनुकांचा. कृषी अधिकाऱ्यानं डोळे मिटून मान डोलावली. फुकटात मिळालं की या लोकांना शेणालाही केशराचा वास येतो, असं देवरावच्या मनात आलं.

ओतताना बोटावर सांडलेला थेंब त्यानं सवयीनं तळहातावर चोळला. अस्सल माल्ट असेल तर स्पिरिट उडालं की जवाचा वास मागे राहायला हवा. राहिला तो स्वस्तातल्या इसेन्सचा. त्यानं नाक मुरडलेलं खुशालरावनं पाहिलं.

"काहून रे, तोंड काहून वाकडं केलं?"

"साहेब, माल दोन नंबरचा हाय."

खुशालरावनं आपला ग्लास त्याच्या तोंडापुढे धरला. "तुले काय समजते? घोट घे, मंग सांग."

मालक लगबगीनं आला. "देवराव, साहेबाचा मान राख. घे, नाही तं उद्यापासून येऊ नको."

अमरावतीला त्याच्या लेकीचं, दीपमालाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. पोरगी याच नोकरीवर शिकत होती. तरी देवरावनं हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"बोगस बी इकता इकता तुमचं नाक मेलं, साहेब. माहं अजून जित्तं हाय."

तो दाराकडे निघाला. मागे कोणी खाकरलं, कोणी खुर्ची सरकवली. ग्लास मात्र एकानंही खाली ठेवला नाही.