पागोट्यावरची पट्टी

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि आमचं आदिलाबाद आंध्राच्या पदरात पडलं, त्या साली आमच्या जैनथ गावात सगळ्यांत जास्त चर्चा कशाची झाली असेल? तुम्ही म्हणाल सरहद्दीची. छे. चर्चा झाली ती गयाबाई नर्स चाळिशी उलटल्यावर शाळेत काऊन जाते याची.

गयाबाई आमच्या सरकारी दवाखान्यातली एकटी नर्स. शिकली निजामाच्या काळात, आणि गावातली निम्मी पोरं तिच्या हातून जगात आलेली. बाजाराच्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून आदिलाबादची मोटार धरू लागली, तसे गावानं कान टवकारले. आमच्या शेजारच्या राहीबाईंनी तर तिचं लग्न ठरवून टाकलं, नवरदेव कंपाउंडर आहे इथपर्यंत. शेवटी मीच जाऊन विचारलं.

"हुकूम आला," ती म्हणाली. "जुन्या नर्सांनी नव्यानं शिकायचं. शेवटी परीक्षा. पास झाली तर इथंच नर्स. नापास झाली तर आयाचं काम, तेही तिकडं दूर गोदावरीकडे."

"शिकवते कोण?"

"मेट्रनबाई. त्या तेलुगू बोलतात, मी मराठी, मधात हिंदी पडते. राह्यलं ते हातानं दाखवतात."

मग सुरू झाला सराव. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, गुंडाळून ती संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसायची आणि येईल त्याला बांधायची. दुखणं नाही, खुपणं नाही, तरी माणसं रांगेनं बसत. काय बांधते ते पाहायची हौस. महिपत तर कोपराची पट्टी तशीच ठेवून पैनगंगेपल्याड सासरी गेला आणि दोन दिवस शिरा खाऊन आला.

हात झाले, पाय झाले, डोक्याची पाळी आली. इथं घोडं अडलं. आमच्याकडं बाप्या माणूस चारचौघांत डोकं उघडं करतो ते घरात सुतक असलं तरच. तेव्हा कोणी टोपी काढेना, कोणी पागोटं. गयाबाईही याच मातीतली, तिनंही कोणाला काढ म्हटलं नाही. टोपीवरून, पागोट्यावरून पट्ट्या बांधल्या. बसल्याही अशा झकास की सोडवायला चिमटा लागावा.

परीक्षेत समोर आलं उघडं, तेल चोपडलेलं डोकं. पट्टी बांधली, माणसानं मान वळवली, आणि पट्टी घरंगळून त्याच्या गळ्यात. मेट्रनबाई भल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा ये; तेवढीच एक संधी.

आता उघडं डोकं आणायचं कुठून? पोरांची डोकी नारळाएवढी. बायांच्या अंबाड्यातच पट्टी अडकून बसते, तिथं घसरणार कशी? गयाबाईनं दोघातिघांना विचारलं. "आमच्या घरी कोण मेलं?" म्हणून ते उठून गेले.

आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी दवाखान्यात आले कोण? अमृतराव.

अमृतरावांच्या पागोट्याखाली काय आहे, हे गावातलं सर्वांत जुनं कोडं. न्हावी घरी यायचा, दार लावून काम व्हायचं, आणि न्हाव्याला शपथ. कोणी म्हणे टक्कल, कोणी म्हणे आवाळू. राहीबाईंच्या मते अस्वलाच्या पंजाचा वण. पण अमृतरावांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला गयाबाईनंच तिला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

"बाई, दार लावा," ते म्हणाले. सोबत बायको मालनबाई होती, ती आत दाराला पाठ लावून उभी राहिली.

आम्ही पाचसहा जण सहज तिकडून चाललो होतो, ते खिडकीखाली थबकलो. खिडकीही लावलेली. ऐकू मात्र येत होतं.

"हसू नका, बाई."

"मी पट्टीकडे पाहून राह्यली, भाऊ. डोक्याकडे नाही."

"मी हसून राह्यली," मालनबाई म्हणाली.

"तू गप. इतक्या वर्षांत तुले आताच हसू आलं?"

"नंदीबैलासारखी मान हलवा बरं," गयाबाई म्हणाली. मग जरा वेळानं, "घसरली. पुन्यांदा."

रोज दुपारी हेच. शेवटच्या दुपारी आतून गयाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, "मेट्रनबाई डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बोट टेकवून किंद, किंद म्हणत होत्या, म्हणजे खाली, खाली, ते हे. पागोट्याले कड असते, तिथं पट्टी अडकते. उघड्या डोक्यावर ती उंचवट्याखालूनच घ्या लागते. हलवा मान."

आतून बाकाची करकर येत राहिली.

"मान दुखली, बाई," अमृतराव म्हणाले. "पट्टी काही हालत नाही."

ते बाहेर आले ते पांढरीशुभ्र पट्टी कपाळापासून मानेपर्यंत लेवून, पागोटं काखेत. आम्हाला काय दिसणार, कप्पाळ. मी गयाबाईला बाजूला घेऊन लाडीगोडी लावली.

"वर्गात तेही शिकवलं," ती म्हणाली. "पेशंटचं पाह्यलेलं बाहेर बोलाचं नाही."

असलं शिक्षण आमच्यासारख्यांच्या काय कामाचं?

पुढच्या बाजारच्या दिवशी ती गेली. मोटार परत आली तेव्हा अमृतराव अगोदरच स्टँडवर, पागोटं चापूनचोपून. गयाबाई उतरली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "सुनबाईले सांगा, मी इथंच हाव."

अमृतरावांनी नुसती मान हलवली, पुष्कळ वेळा.

पंधरवड्यात त्यांच्या घरी नात आली, गयाबाईच्या हातून. मी पेढा तोंडात टाकून विचारलं, "आता तरी शाळा सुटली ना, बाई?"

"कुठली! नवा वर्ग लागला. आता सुई टोचाचा सराव हाये."

त्या संध्याकाळी ती दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ एकटीच बसून होती.