भाऊजींनी झोडपणं सोडलं

माझ्या साडभाऊंनी मला फसवलं. खोटं बोलून नाही, चांगलं बोलून फसवलं. ज्या माणसाच्या तावडीतून नागपुरातला एकही आचारी, मिस्त्री किंवा जावई सुटला नाही, त्याने माझ्या कपाटाकडे बघून 'छान आहे' म्हणावं, याला दुसरं काय म्हणायचं?

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. कारखान्यात माल तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली आणि ती सवय लग्नात, बारशात, मयतीत, सगळीकडे त्यांच्याबरोबर हिंडली. पंगतीत ते बसले की वाढपी त्यांच्यापुरता भात चाचपून वाढायचे. मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेला जो तो फरशीचं कौतुक करत होता. भाऊजींनी भिंतीवर दोन बोटं वाजवली, कान लावला आणि भर मंडपात म्हणाले, "पूजा झाली ना गा? चला, आता घर बांधाले सुरुवात कर." माझं रक्त उकळलं. तरी दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावून ती भिंत उकरली. आत नुसती रेती होती.

लोक म्हणायचे, माणूस तोंडाचा फटकळ आहे. भाऊजींना ते मान्य नव्हतं. "टोमणा पाठीमागून मारतेत," ते म्हणायचे, "खरडपट्टी साहेब काढते, खुर्चीत बसून. मी झोडपतो. समोर उभा राहून, दोन्ही हातानं." या शब्दावर त्यांचा घरच्या शेतीसारखा हक्क होता. 'पावसाने शहराला झोडपले' अशी बातमी दिसली की चहा तसाच राहायचा. "पाणी काय झोडपते? पाणी पडते! झोडपाले डोकं लागते!" मग कळमेश्वरच्या पलीकडचं त्यांचं गाव निघायचं, खळं निघायचं, खळ्यात रचलेली वाळली तूर निघायची. काठीने झोडपली की शेंग फुटते आणि दाणा उडी मारून बाहेर येतो. काठी हलकी पडली तर दाणा आतच राहतो, जास्त बसली तर दाण्याची डाळ होते. त्यांच्या मते माणसाला झोडपणं तिथूनच आलं. खरंखोटं मला माहीत नाही, मी भाषेचा धंदा करत नाही. पण त्यांचे दोन नियम पक्के होते. हिरव्या तुरीला काठी लावायची नाही. आणि दाणा निघून गेला की मागे जो भुसा उरतो, ज्याला आमच्याकडे कुटार म्हणतात, त्यालाही लावायची नाही.

हे नियम ते पाळायचे. पुतणीने पहिल्यांदा पोळ्या केल्या, एकेक पोळी नकाशासारखी. सगळे श्वास रोखून बसले. भाऊजींनी मुकाट्याने चार खाल्ल्या. "हिरवी आहे पोरगी," एवढंच मला हळूच म्हणाले. आणि कुटाराचं उदाहरण त्यांचा चुलतभाऊ. त्याने आयुष्यभर लोकांना गळकी घरं बांधून विकली. तो आला की भाऊजी हात जोडायचे आणि म्हणायचे, "छान आहे." तो खूश होऊन जायचा. मी समजून चुकलो होतो की भाऊजींच्या तोंडी 'छान' हा शब्द म्हणजे माणसाची तेरवी.

मी फूटपाथवर बसून पत्र्याच्या पेट्यांना बिजागऱ्या ठोकत वर आलो. माझ्या पहिल्या पेट्या वाकड्या होत्या. भाऊजी बघायचे, बोटं वाजवायचे आणि गप्प निघून जायचे. ती वर्षं मला शिवीपेक्षा जड गेली. मग एक दिवस, माझं पहिलं कपाट त्यांनी उघडलं, बंद केलं, आणि सुरू झाले. "हे कपाट आहे का तेलाचा डब्बा? याच्यात लुगडं ठेवलं तं लुगड्याले लाज वाटन!" अख्खी गल्ली जमली. मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "आज भाऊजींनी मला झोडपलं. काहीतरी गोड कर."

पुढे कळमेश्वरला माझा कारखाना झाला, पण नवा नमुना त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय मी बाजारात आणला नाही.

मग त्यांच्या छातीत दुखलं. धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आता राग बंद. आवाज चढवायचा नाही." मी भाव करणारा माणूस. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, रोज नको. आठवड्यातून एकदा?" डॉक्टर नाही म्हणाले. "महिन्यातून? फक्त माझ्यावर?" डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाजूच्या खोलीत मलाच भरती करतील. आयुष्यात मी एवढाच सौदा पूर्ण हरलो.

गेल्या हिवाळ्यात वसतिगृहाच्या कपाटांचं मोठं काम आलं. भाव तुटत होता म्हणून मी पत्रा जरा पातळ घेतला. तो पकडणं भाऊजींचं काम होतं. नमुना टेम्पोत घालून त्यांच्या घरी नेला. त्यांनी पलंगावरूनच दोन बोटं वाजवली. मी तयार होऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "छान आहे."

माल गेला. पंधरवड्यात सगळा परत आला. दारं वाकून अडकत होती.

मी त्यातलंच एक कपाट उचललं आणि तडक भाऊजींच्या खोलीत नेऊन उभं केलं. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच आडव्या आल्या. "भाऊ, काहून त्यायले तरास देऊन राहिले? डॉक्टरनं सांगतलं ना!" मी ऐकलं नाही. दार ओढलं. कर्रर्र!

"ऐका, भाऊजी! हे छान आहे?"

"आहे ना," ते हळूच म्हणाले.

"त्या दिवशी बोटं वाजवली तं तुमाले पातळ पत्र्याचा आवाज आला नाही?"

"आला गा."

"मग बोलले काहून नाही? एक शब्द बोलले असते तं मी पत्रा बदलला असता!"

त्यांनी हात उचलला. मला वाटलं, आता! पण दोन बोटं चादरीवरच वाजली. चादरीला कसला आवाज!

"मी कोण आहो, भाऊजी?" मी ओरडलो. "हिरवा, का कुटार?"

ते हसले. डोळे मिटले. ताईंनी दिवा मालवला.

त्या दिवसापासून मला झोप नाही. डॉक्टरचं ऐकून म्हणाले असतील, तर माझा माणूस जिवंत असून गेला. आणि स्वतःच्या मनाने म्हणाले असतील, तर मी गेलो. दोन्हीकडून नुकसान माझंच. माझ्यासारखा साठी उलटलेला माणूस हिरवा नसतो, एवढं मलाही कळतं.

कपाट अजून तिथेच आहे. ताई म्हणतात, घेऊन जा. मी नेत नाही. संध्याकाळी जातो, खुर्ची ओढून बसतो, जाताना एकदा दार ओढतो. भाऊजींच्या कपाळावर बारीक आठी येते, आणि जाते.

मला जबाब पाहिजे. डॉक्टरचा नको, ताईंचा नको. ज्याने मला पिकू दिलं, वाळू दिलं, आणि मगच काठी उचलली, त्यानेच सांगावं की माझ्यात दाणा उरला आहे की नाही. बोला, भाऊजी. हळू बोला, दम घेत बोला, एकच शब्द बोला. फक्त छान म्हणू नका.