केटल घळीचा ठिपका

गाडी सुरू करण्याआधी लॉरी वरच्या आरशात बघतो आणि विचारतो, "बसले का सगळे?"

मागे ग्लेनिस असते आणि पिकलेट. पिकलेट म्हणजे कुत्रा. छोट्या जाड धिरड्यासारखा त्याचा रंग, म्हणून हे नाव.

ग्लेनिस पुदिन्याच्या गोळ्या खाते. गोळीच्या चांदीच्या कागदाची होडी करते आणि बसल्या जागीच सोडून उठते.

भांडी ती घासते, पुसतो तो. चमचे पुसताना शिट्टी वाजवतो, ताटल्या पुसताना नाही.

पिकलेट लॉरीच्या डाव्या पायावर हनुवटी टेकून झोपतो. उजवा पाय त्याला चालत नाही.

झोपण्याआधी दोघं उद्याच्या वाऱ्यावरून भांडतात. वारा कुठून येणार हे ठरल्याशिवाय दिवा मालवत नाहीत.

त्यांचं घर म्हणजे शाळेची जुनी बस. कोलॅक गावाच्या आसपासच्या गोठ्यांवरून मुलं गोळा करून लॉरी शाळेत सोडायचा. माणूस आणि बस बरोबरच निवृत्त झाले. शाळेने बस मोडीत काढली, ती लॉरीने घरी आणली. बाकं काढली, पलंग बसवला, शेगडी बसवली. "डोकं खिडकीबाहेर काढू नये" ही पाटी तेवढी राहू दिली. ती पिकलेटने कधीच मानली नाही.

ग्लेनिस गावच्या तलावावर पोहायला शिकवायची. अर्ध्या कोलॅकला पहिली डुबकी तिने मारायला लावली होती. पाणी दिसलं की तिचे बूट निघालेच.

प्रवासात अडचण एकच. बघण्यासारख्या जागा बहुतेक राखीव जंगलात, आणि राखीव जंगलात कुत्र्यांना बंदी. म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. सकाळी ग्लेनिस जायची, लॉरी पिकलेटपाशी थांबायचा. दुपारी उलट. संध्याकाळी चहावर दोघं आपापलं बघितलेलं सांगायचे आणि भांडायचे. लॉरी म्हणायचा धबधबा दोन टप्प्यांत पडतो, ती म्हणायची तीन. बसच्या पाठीवर लॉरीने देशाचा नकाशा रंगवला होता. बघितलेल्या जागेवर निळा ठिपका. डावा अर्धा ग्लेनिसचा, उजवा लॉरीचा. दोघांनी बघितल्याशिवाय ठिपका पुरा होत नसे.

आणि एक अट होती. घर विकलं त्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरात ग्लेनिसनेच ती घातली होती. दोघांपैकी एकाला पायवाट झेपेनाशी झाली, की बस विकायची आणि जीलाँगला मुलीच्या, रेलीनच्या, मागच्या खोलीत जाऊन राहायचं. रडारड नाही, घासाघीस नाही. तिच्या वडिलांनी जमत नसताना जमतंय म्हणत शेवटी सगळ्या घराला घोर लावला होता. तिला तसं व्हायचं नव्हतं. लॉरीने हसत हात मिळवला होता. रेलीनच्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपण दिसतं.

जुलैत, म्हणजे तिकडच्या भर हिवाळ्यात, ते उत्तरेला, पिलबरातल्या लाल मातीत होते. दक्षिणेत हुडहुडी भरली की निम्मे म्हातारे इकडेच येतात. केटल घळीच्या फाटकाबाहेर त्यांनी मुक्काम टाकला. शेजारी बेंडिगोची मर्ल होती. मर्लकडे बोलायला विषय नसला तरी बोलणं असायचं.

पहिल्या सकाळी ग्लेनिस टॉवेल घेऊन फाटकातून आत गेली. परत आली तेव्हा लॉरी सॉसेज परतत होता.

"कसं होतं?"

"सांगणार नाही. नियम म्हणजे नियम."

"पाणी तरी कसं, तेवढं सांग."

"गार. दात वाजतात इतकं गार. आणि हिरवंगार, बाटलीच्या काचेसारखं." तिने टॉवेल दोरीवर टाकला, रंगाचा डबा काढला आणि नकाशावर आपला डावा अर्धा भरून आली. "आता तू जा. टोपी घाल, म्हाताऱ्या. टक्कल भाजलं की रात्रभर कण्हतोस, आणि जागी मी राहते."

दुपारी लॉरी आपला टॉवेल घेऊन गेला. पायवाट पांढऱ्या खोडांच्या निलगिरीच्या झाडांतून वळणं घेत गेली आणि कड्यापाशी नारिंगी जाळीला जाऊन थडकली. जाळीवर बोर्ड होता. जवळ एक तरुण रेंजर पोरगी खिळे ठोकत होती.

"खाली जाता येत नाही का?"

"नाही, दोस्त. पावसाळ्यात दरड कोसळली. तेव्हापासून खाली कुणी गेलेलं नाही."

"आज सकाळीसुद्धा?"

"आज सकाळी काय, मीसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात मुंग्यांनी प्रयत्न केला असेल तर माहीत नाही."

लॉरी परत फिरला तो हसतच. म्हातारीने बनवलं आपल्याला. दात वाजतात म्हणे! मग त्याला आठवलं, दात वाजतात हे शब्द काल मर्लचे होते. ती गेल्या वर्षी येऊन गेली होती. नळावर भांडी घासता घासता सांगत होती, आणि ग्लेनिस कधी नव्हे ती मन लावून ऐकत होती. आता हिला कसं पकडायचं, याचे बेत करत तो चालला होता.

फाटकाच्या अलीकडे, वळणाआड, एक बाक होतं. येताना त्याने त्याकडे बघितलंही नव्हतं. बाकाच्या कडेला चांदीच्या कागदाच्या होड्या होत्या. एकीमागे एक, ओळीने. बऱ्याच होत्या.

लॉरी बाकावर बसला. हसू गेलं होतं.

एवढ्या होड्या करायला वेळ लागतो. ती सकाळभर इथेच बसली होती. जाळीपर्यंत पोचलीच नव्हती, नाहीतर वाट बंद आहे हे तिला कळलं असतं. दोरीवरच्या तिच्या टॉवेलला घडीच्या रेषा तशाच होत्या, हे त्याच्या आता लक्षात आलं.

मग एकेक आठवत गेलं. बसमधून ती हल्ली पाठमोरी उतरते. मध्यंतरी तिने दाराशी आणखी एक पायरी लावून घेतली होती, पिकलेटला सोपं जावं म्हणून. त्या धबधब्याचे टप्पे दोन का तीन, यावरून ती हट्टाने भांडली होती. तो धबधबा तिने बघितला होता का? खाली पाणी असताना ग्लेनिस वर बाकावर बसली, हे त्याला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना.

बोललो तर ती उद्याच बस विकायला काढेल. दिलेला शब्द मोडणारी बाई नव्हती ती. नाही बोललो तर ती अशीच बाकाबाकांवर बसत राहील. एकटी, दुखणं गिळत, परक्यांकडून पाण्याचं वर्णन गोळा करत.

त्याने होड्या उचलून खिशात टाकल्या. फाटकापाशी नळ होता. त्याने डोकं नळाखाली धरलं आणि टॉवेलही भिजवून घेतला.

चहा होईतो ऊन कललं होतं. ग्लेनिसने चहाचा मग त्याच्या हातात दिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"हं. बोल. पाणी?"

"गार," लॉरी म्हणाला. "पण हिरवं नाही. निळसर."

"निळसर? डोळे तपासून घे. हिरवं होतं."

"सकाळी हिरवं असेल. दुपारी ऊन सरळ पडतं."

"त्या घळीत ऊन सरळ पडतच नाही! दोन्हीकडे कडे केवढे आहेत!"

"केवढे?"

"केवढे म्हणजे... चांगलेच." तिने पटकन पाव कापायला घेतला. "नेचे बघितलेस ना?"

"कमरेएवढे."

"गुडघ्याएवढे."

"तुझे गुडघे माझ्या कमरेला येतात का?"

ती हसली. लॉरीलाही बरं वाटलं. आजचं तरी निभावलं, असं त्याच्या मनात येतंय तोच मर्ल हातात डबा घेऊन येताना दिसली. लॉरी खुर्चीतून अर्धवट उठला.

"मर्ल, साखर हवी का? मी आणून देतो, तू बस तिकडेच."

"साखर नको रे, ओपनर हवाय. बीटचा डबा उघडत नाहीये." ती टेबलाला टेकली. "काय गं बाई आपलं नशीब! एवढ्या लांब यायचं आणि घळ बंद! दरड पडलीय म्हणे पावसाळ्यात. आम्ही जाळीवरून परत आलो. तुम्हाला ठाऊक होतं का आधी?"

मर्लने स्वतःच ओपनर शोधला, ग्लेनिसचा पाव फार जाड कापला जातो असं सांगितलं आणि गेली.

ग्लेनिस लॉरीच्या डोक्याकडे बघत राहिली. मग दोरीकडे. दोन टॉवेल शेजारी शेजारी होते. एक कोरडा, घडीच्या रेषांसकट, एक ठिबकणारा.

"केस ओले आहेत तुझे."

"हो."

"नळ?"

"नळ."

"पाणी कसं होतं?"

"कोमट."

तिने सुरी खाली ठेवली. हात मांडीवर पुसले. पाठ ताठ केली. रिकाम्या स्वयंपाकघरात ती अशीच उभी होती.

"लॉरी, आपलं ठरलं होतं की..."

"मला पिकलेटबद्दल बोलायचंय," लॉरी म्हणाला.

"कुणाबद्दल?"

"पिकलेट. त्याची कंबर गेलीय. वर्षभर तरी झालं असेल."

नेमक्या त्याच वेळी पिकलेट टेबलाखालून उसळला आणि ताटलीतलं उरलेलं सॉसेज हवेतल्या हवेत घेऊन बसच्या मागे पसार झाला.

दोघंही तिकडे बघत राहिले.

"झाकतो तो," लॉरी म्हणाला. "मानी आहे. ती पायरी आपण कुणासाठी लावली? त्याच्यासाठीच ना?"

ग्लेनिसने दाराशी लावलेल्या त्या पायरीकडे बघितलं.

"त्याने सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हवं होतं. पण त्याला वाटलं असेल, सांगितलं तर बस विकतील."

"ठरलंच होतं तसं."

"माणसांचं ठरलं होतं. कुत्र्याबद्दल अक्षर बोललो नव्हतो. मी हजर होतो तिथे."

"लबाड."

"उद्या समुद्राकडे निघू. सपाट वाळू, कुत्र्यांना बंदी नाही, पाळ्या नाहीत. तिघं एकदम. पाण्यात त्याला त्रास व्हायचा नाही."

"पाण्यात नाही दुखत," ग्लेनिस म्हणाली, आणि घाईने पुढे जोडलं, "त्याची."

"पण वाटेतल्या गावात डॉक्टरला दाखवायचं. त्यात सूट नाही."

"कुठल्या डॉक्टरला? कुत्र्यांच्या?"

"ते तू ठरव. पण आत मी पण येणार."

ती हो म्हणाली नाही. गोळी काढून तोंडात टाकली आणि कागद बोटांत घोळवत बसली. लॉरीने खिशातून होड्या काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवल्या. तिने त्या बघितल्या. हातातली होडी पुरी केली आणि रांगेत शेवटी लावली.

"बाक फार टणक होतं रे," ती म्हणाली. "पण ऊन छान पडतं तिथे. आणि माणसं किती बोलतात! मागे त्या धबधब्याजवळच्या बाकावर एका माणसाने मला त्याच्या दोन्ही बायकांची हकीगत सांगितली. टप्पेही त्याच्याकडूनच कळले."

"तरीच तीन."

भांडी झाली. लॉरीने चमचे पुसले, आणि ताटल्या पुसतानाही शिट्टी वाजवली. मग रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो बसच्या मागे गेला. नकाशावर केटल घळीचा डावा अर्धा वाळून चकाकत होता. त्याआधीचे ठिपकेही होते, नीट भरलेले. त्यातल्या किती जागा तिने खरंच बघितल्या होत्या, किती नुसत्या बाकावर बसून ऐकल्या होत्या, ते त्याने मोजलं नाही. पुसायचंही त्याच्या मनात आलं नाही.

त्याने ब्रश बुडवला, काठावर निथळला.

"झाला का तुझा अर्धा?" ग्लेनिसने दारातून विचारलं. ती पायरीवर पाठमोरी उतरत होती. आज तिने ते लपवलं नाही. पिकलेट खाली तिची वाट बघत उभा होता.

"रंग घट्ट झालाय," लॉरी म्हणाला. रंग पातळ होता. "सकाळी बघू."

"उद्या वारा पश्चिमेचा आहे."

"पूर्वेचा."

सकाळी त्याने नळी गुंडाळली, खुर्च्या आत घेतल्या, आरशात बघून विचारलं, "बसले का सगळे?"

"बसलो, बसलो. चल आता."

बस समुद्राच्या दिशेला वळली. मागे नकाशावर घळीचा ठिपका डावीकडून निळा होता. उजवीकडे कोरी जागा होती. ब्रश डब्यात तसाच उभा होता, धुवायचा राहिलेला.