चेक करायचं की इन्स्पेक्ट

त्या दिवशी सकाळी भाऊजी ओट्यापाशी येऊन म्हणाले, वहिनी, दूध तुम्ही बघता की तपासता?

म्हटलं, बघते. तपासत बसले तर सगळं गॅसवर उतू जाईल.

हसले, डबा घेतला आणि गेले. दुपारी ह्यांना फोन आला, तुमचा भाऊ बसल्या जागी गेला म्हणून.

माझे दीर विमानं दुरुस्त करायचे. काम झालं की कार्डावर सही. त्या दिवशी चाकाजवळच्या तेलाच्या नळ्या होत्या. कार्डावर वर लिहिलेलं चेक करा, खाली त्याच नळ्यांना लिहिलेलं इन्स्पेक्ट करा. आता मला तर दोन्ही एकच. पण भाऊजी म्हणायचे, एकात चालतंय का तेवढं बघायचं, दुसऱ्यात दिवा आणि आरसा घेऊन मागून-पुढून बघायचं. कुठल्या शब्दाचा काय अर्थ ते पुस्तकात सापडल्याशिवाय सही करायचे नाहीत. पुस्तकं तीन, आणि तिन्हीत वेगवेगळं. तेच शोधत बसले होते, विमान खोळंबलेलं, साहेब डोक्यावर उभा.

घरी आलेल्या लोकांत कुणीतरी हळूच म्हणालं, उगाच हटून बसला, त्याच टेन्शननं गेला. ते माझ्या डोक्यातून जाईना. माणूस उगाच गेला का?

नंतर त्यांचा फोरमन डबा परत द्यायला आला. मी विचारलंच, मग पुढं काय केलंत?

"दिवा-आरसा घेऊन सगळ्या नळ्या बघितल्या, वहिनी. मग मी सही केली."

"काही सापडलं?"

"नाही."

"म्हणजे भाऊजी चुकले?"

"तसंही नाही म्हणता येत. विमान बनवणाऱ्यांना विचारलंय, कुठला अर्थ धरायचा. ते आम्हालाच विचारतात, तुम्ही कुठलं पुस्तक वापरता."

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार.

काल गॅसवाला नळी बघायला आला. दारातूनच मान वाकडी करून म्हणाला, ठीक आहे, सही करा.

मी आत गेले, भाऊजींचा दाढीचा आरसा आणि टॉर्च आणला, त्याच्या हातात दिला. हे म्हणाले, अगं, हे काय?

म्हटलं, बघायचं की तपासायचं, मला तरी कुठं माहितीये.

गॅसवाल्यानं आरशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ओट्याखाली वाकला.