कुदळ घेऊन बोरिवलीला

लोक रजा टाकून माथेरानला जातात. मी रजा टाकून बोरिवलीला गेलो, आणि सोबत कुदळ नेली.

झालं असं की माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी सायली हिचा फोन आला. सायली देवगांडुळांवर पीएच.डी. करते. आमच्या घरात हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे नेमकं काय?" देवगांडूळ हे बेडकाचं लांबचं नातलग. पण त्याला पाय नाहीत. दिसायला जाडसर गांडूळ किंवा लहान साप, आणि राहतं ओल्या मातीच्या आत. त्यामुळे बेडूक मोजणाऱ्यांना ते सहसा सापडत नाही, आणि ज्यांना सापडतं ते साप समजून ठेचतात.

"मामा, कुदळ चालवता येते ना अजून?"

"अजून म्हणजे काय गं? पन्नाशीला दोन वर्षं आहेत मला."

"मग मंगळवारी रजा टाक. माझी वाट लागायची वेळ आली आहे."

बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एका सोसायटीच्या मागे पालापाचोळ्याची एक पट्टी आहे. पलीकडे नाला, नाल्यापलीकडे जंगलाची भिंत. दोन वर्षं सायली तिथे येते, मातीचं तापमान मोजते, पाला चाळते. गेल्या पावसात तिथल्या वॉचमनने एक 'साप' मारला. तो साप नव्हता, देवगांडूळ होतं. सायलीला ते मेलेलंच मिळालं. पण एखादंच मेलेलं देवगांडूळ डोंगरावरून पाण्याबरोबर वाहतही आलेलं असू शकतं. त्यांची तिथे वस्ती आहे, तिथे ती वाढतात, हे त्यावरून ठरत नाही. इकडे सापाच्या भीतीने सोसायटीने ती पट्टी साफ करून तिथे सिमेंट आणि बाकडी टाकायचं ठरवलं. काम बुधवारी सकाळी सुरू होणार होतं. सेक्रेटरी शिर्के बाईंनी सायलीला एवढीच सवलत दिली होती: मंगळवार संध्याकाळपर्यंत जिवंत दाखव, मग मी कमिटीपुढे बोलते.

मी लगेच हो म्हणालो. त्याला एक जुनं कारण होतं. सहावीत असताना शाळेच्या बागेत वाफे खणायची पाळी आमच्या वर्गाची होती. माझ्या कुदळीखाली एक देवगांडूळ आलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. गुरुजी रागावले नाहीत. ते दोन्ही तुकडे त्यांनी बांधाकडेला पुरले आणि आम्हाला पुढचा वाफा दाखवला. ते रागावले असते तर मी बहुतेक विसरलोही असतो.

मंगळवारी सकाळी सातला मी विक्रोळीतल्या घरून निघालो. कुदळ गोणपाटात गुंडाळून दाराशी ठेवली होती. आत सुनंदाने पाटावर गंधाने नाग काढला होता, आणि हळदीच्या पानांचा वास घरभर होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून मी पहाटेपासून पातोळ्या उकडते आहे," सुनंदा म्हणाली. "आणि तुमची ही कुदळ कुठे निघाली?"

नागपंचमी! रजेचा अर्ज लिहिताना कॅलेंडर पाहिलं होतं, पण फक्त वार पाहिला होता. आमच्याकडे या दिवशी जमिनीत लोखंड घालत नाहीत. माझ्या वडिलांनी कधी घातलं नाही. मीही मुंबईत तीस वर्षं घातलं नाही, अर्थात दुसऱ्या मजल्यावर राहून ते काही अवघड नाही.

"सायलीचं काम आहे," मी म्हणालो.

सुनंदाने डब्यात सहा पातोळ्या भरल्या. "दोन तिला. आणि खणायचंच झालं तर आधी हात जोडा."

आता मार्गाचं. विक्रोळीहून बोरिवलीला जायचं तर लिंक रोडने जाणारी बस धरा. पवईचं तळं उजव्या हाताला लागतं, पुढे आरेची झाडी, आणि जोगेश्वरीला हायवेला लागलं की गोरेगाव, मालाड, कांदिवली ओळीने येतात. सकाळी लवकर निघालात तर दीड तास, उशीर केलात तर देव जाणे. तिकिटात एका माणसाचा चहा-नाश्ताही होत नाही, इतकं स्वस्त. फक्त कुदळ असेल तर मागच्या सीटवर बसा. कंडक्टरने गोणपाटातून बाहेर आलेला दांडा पाहिला आणि म्हणाला, "काका, कुणाला गाडायला निघालात?"

"शोधायला," मी म्हणालो.

"काम झालं की कुदळ मला द्या. माझा एक मेव्हणा आहे."

बोरिवलीला हायवेवर उतरलो. समोरच्या गाडीवर गरम वडे निघत होते. एरवी मी सोडले नसते, पण घरी तवासुद्धा बंद असताना रस्त्यावर तळलेलं खायला जीभ वळेना. नुसता चहा घेतला आणि मीटरच्या रिक्षाने पायथा गाठला. तुम्ही मात्र वडा खा, वास झकास होता.

सायली गेटवर बादली आणि ब्रश घेऊन उभी होती.

"मामा, बूट काढ. धुवायचे आहेत."

"येतानाच चिखल झाला, जाताना धुऊ की."

"जाताना नाही, आत्ता. कुठल्या तरी पाणथळीतली बुरशी तुझ्या बुटाच्या तळव्याला चिकटून आली असेल तर इथल्या बेडकांना रोग होईल. जगात कितीतरी ठिकाणी बेडूक असेच संपले."

औषधाच्या पाण्यात मी बुटांचे तळवे घासले. देवळात शिरताना पाय धुतो, त्यात आणि यात मला फारसा फरक वाटला नाही. पुढे तिने माझ्या हातांचा वास घेतला. डासांचं मलम लावलं नव्हतं म्हणून पास झालो. या प्राण्यांची कातडी फार नाजूक, जे लागेल ते आत शोषून घेते. पावसाळ्यात बेडूक पाहायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: हाताला मलम नको, आणि हात ओला असल्याशिवाय त्यांना स्पर्श नको.

पट्टी अशी काही फार मोठी नव्हती. दोन रिक्षा एकामागे एक उभ्या राहतील एवढी लांब. एका टोकाला केळी, मध्ये कुजलेला पाला, दुसऱ्या टोकाला पिंपळ. पिंपळाखाली मुंबईत जे असतं तेच होतं: काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी, हात तुटलेली एक मूर्ती, आणि एक जुना लाकडी देव्हारा, पालथा पडलेला. घरात नको झालेला देव कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून माणसं गुपचूप पिंपळाला टेकवून जातात.

सोसायटीचे माळी नाना मदतीला आले. सावंतवाडीकडचे, साठीचे, अंगाने काटक. मी गोणपाट सोडलं तसे ते दोन पावलं मागे सरले.

"आज नागपंचमी आसा," नाना म्हणाले. "आज जमनीत लोखंड घालूचा नाय."

सायलीने कपाळावर हात मारला. "नाना, साप नाहीये तो! बेडकाच्या जातीचा आहे. दोन वर्षं सांगते आहे मी तुम्हाला."

"साप नाय ता माका म्हायत आसा. पण जमीन तीच मां?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

"सकाळी कळलं. पाट मांडला तेव्हा."

"म्हणजे सकाळी कळलं आणि मला सांगितलंही नाहीस? वा रे मामा!" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "उद्या इथे सिमेंट पडणार आहे. मी स्वतः खणते. दे इकडे."

कुदळ मी दिली नाही. त्याऐवजी सौदा केला. तीन वाजेपर्यंत आपण तिघं हातांनी शोधू. काही मिळालं नाही तर खणेन मीच, आणि जो काही दोष लागायचा तो मला लागेल. नानांना ते पटलं. सायलीला पटलं नाही, पण तिने सुतळीने जमिनीचे चौकोन आखायला घेतले.

हातांनी शोधणं म्हणजे पान न पान उचलणं. गावी मी भातलावणी केली आहे, पण इतकं वाकलो नव्हतो. पाल्याखाली काय काय निघालं! पैसा किडे, नखाएवढी टुणटुणीत बेडकं, एक चोपई म्हणजे सापसुरळी, एक प्लॅस्टिकचा चमचा. नाल्याकाठी पिवळाधमक बैलबेडूक बसला होता, हळदीच्या दिवशीच्या नवरदेवासारखा. सायली त्याच्याकडे बघेसुद्धा ना. मी तिला विचारलं, "ह्याच्यावर का नाही केलंस? हा निदान दिसतो तरी."

"म्हणूनच," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी बोलणारे खूप आहेत."

एक वाजता पातोळ्या खाल्ल्या. नानांनी हळदीचं पान हुंगून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "वैनीच्या हाताक चव आसा." दोन वाजले. अडीच झाले. आखलेले सगळे चौकोन संपले आणि तिने वहीत प्रत्येकापुढे शून्य घातलं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी उठलो आणि कुदळ घेतली. नाना तोंड फिरवून केळीकडे गेले. कुठे खणायचं ते मी सकाळीच हेरून ठेवलं होतं: पिंपळाच्या मुळाशी, देव्हाऱ्याच्या कडेला, जिथे माती काळी आणि भुसभुशीत होती. हात जोडले. आता घाव घालायचा तर देव्हाऱ्याला लागेल, म्हणून तो आधी बाजूला घ्यायचं ठरवलं.

"दोन वर्षांत मी ह्याला हात लावला नाही," सायली म्हणाली. "लोक म्हणाले असते, देवाची वस्तू हलवली."

"मी मांडून ठेवतो नीट," असं म्हणत मी दोन्ही हातांनी कड धरून देव्हारा उचलला.

खाली मातीत वाटीएवढा खळगा होता. खळग्यात काळपट जांभळं, ओलं, चकचकीत वेटोळं. अंगावर बारीक कडी, मोजता येणार नाहीत इतकी. आणि वेटोळ्याच्या मधोमध द्राक्षांसारखी अंडी, एकमेकांना चिकटलेली, आतून उजळल्यासारखी. आईने डोकं जरा वर केलं. तिचे डोळे म्हणजे कातडीखालचे दोन ठिपके. ती पळाली नाही. अंड्यांभोवती आणखी घट्ट झाली.

"तसाच धर, मामा. हलू नकोस."

सायलीने मोबाइल काढला. तिने तीन फोटो काढले, थोडा व्हिडिओ घेतला आणि म्हणाली, "ठेव खाली. हळू."

मी ठेवला. कुदळ माझ्या पायाशी पडली होती, आणि पहिला घाव कुठे बसला असता ते मला स्पष्ट दिसत होतं. मी मटकन खाली बसलो. सायलीला वाटलं मला चक्कर आली. ती पाण्याची बाटली घेऊन आली आणि मग स्वतःच रडायला लागली.

पाच वाजता शिर्के बाई आल्या, ऑफिसच्या साडीतच. "कुठे आहे? दाखव."

"फोटो आहेत, मॅडम. अंड्यांसकट."

"फोटो काय गं, कुठलेही असतील. जिवंत दाखव म्हटलं होतं मी."

"ह्या देव्हाऱ्याखाली आहे. पण पुन्हा उचलणार नाही मी. सारखं उघडलं तर ती अंडी सोडून जाते. मग काहीच उरत नाही."

"मग मी कमिटीला सांगू काय? सायलीने नाही म्हटलं म्हणून मानलं?"

मी म्हणणार होतो, उचल की एकदा, काय होतंय. दोन वर्षं एका बाजूला आणि दोन क्षण एका बाजूला. पण सायली देव्हाऱ्याच्या आणि बाईंच्या मध्ये उभी होती आणि हलत नव्हती. तिने फक्त मोबाइल पुढे केला.

बाईंनी चष्मा चढवून फोटो पाहिला. मग बोटांनी मोठा केला. पुढे माझी बोटं होती, त्यांच्यामागे देव्हाऱ्याचा लहानसा खण, आणि खणाला पितळी मुठीऐवजी कपाटाची पांढरी प्लॅस्टिकची मूठ.

"हा तर आमचा देव्हारा," बाई हळूच म्हणाल्या. "ही मूठ आमच्या मिस्टरांनी लावलेली. संगमरवरी घेतला तेव्हा मीच... सासूबाईंना सांगितलं होतं, देवळात दिला."

नाना केळीचं एक वाळलेलं पान सोडवण्यात फार गुंतले.

"काँट्रॅक्टरला फोन लावते," बाई म्हणाल्या. "पाऊस संपेपर्यंत या कोपऱ्याला हात नाही. पुढचं कमिटी ठरवेल, मी शब्द देत नाही." जाता जाता वळल्या. "आणि तो देव्हारा कुणी हलवायचा नाही. राहू दे तिथेच."

परतीला सायलीने मला बसमध्ये बसवून दिलं. घरी पोचलो तेव्हा पाटावरचा नाग तसाच होता, पुढे लाह्या आणि दूध. सुनंदाने कुदळीचं पातं पाहिलं. कोरडं होतं. तिने मला पातोळी वाढली. मी कुदळ तरीही धुतली आणि माळ्यावर ठेवली.

त्या अंड्यांतून पिल्लं निघाली का, नाल्याच्या पाण्यापर्यंत पोचली का, हे मला माहीत नाही. सायलीलाही नाही. ती दर आठवड्याला जाते, बूट धुते, मातीचं तापमान मोजते आणि परत येते. शिर्के बाई कधीमधी संध्याकाळी पिंपळाशी उभ्या असतात असं नाना सांगतात.

तिकडे जाणार असाल तर पत्ता मी देणार नाही, माफ करा. पण बोरिवलीत डोंगराच्या पायथ्याशी फिरताना एखाद्या पिंपळाखाली पालथा देव्हारा दिसला, खणाला पांढरी मूठ असलेला, तर जरा थांबा. पाहण्यासारखं तिथे काही नाही. तो उचलू नका, एवढंच.