गल्लीतले मालक

ताडकळसला मी भाड्यानं राहत होते, तेव्हा शेजारच्या सुनेला गल्लीतल्या बायका ‘मालक’ म्हणायच्या. सासऱ्यांसमोर कपाळापर्यंत पदर ओढून हळू बोलणारी ही बाई मोबाइलच्या रीलमध्ये नवऱ्याचा पांढरा शर्ट घालून, काजळाच्या मिशा काढून, बाजेवर पायावर पाय टाकून बसायची. कुठकुठल्या गावच्या बायका तिला बघायच्या.

फार काही करायची नाही. काडीनं दात कोरत, न दिसणाऱ्या बायकोवर खेकसायची, “चहा झाला का न्हाई अजून?” एवढ्यावर आम्ही हसून बेजार. एकदा मी म्हटलं, “कधी बाईचं काम करून दाखव की.” भांडी घासता घासता म्हणाली, “ते तर दिवसभर करायलेच की, ताई. त्याला कोण बघतंय?”

घरच्यांची हरकत नव्हती. नवरा स्वतः शर्ट काढून द्यायचा. सासरे चारचौघांत कौतुकानं सांगायचे, “हुबेहूब माझ्यावानी खेकसती.” यात आपलीच थट्टा चाललीय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मीही ते समजावून सांगायच्या फंदात पडले नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. रानातून आल्यावर तिनं एक वेगळीच रील केली. शर्ट तोच, मिशा त्याच. मालक बाजेवरून उठतात, तांब्या भरून आणतात आणि समोर धरून म्हणतात, “थकलीस ना? बस जरा. भाकरीचं मी बघतो.” ती बघून मला हसू आलं नाही, रडू आलं.

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर तिच्या नवऱ्याला लोकांनी विचारलं, “काय, थापल्या का भाकरी?” तो तसाच घरी आला, तिचा फोन काढून घेतला आणि सगळं पुसून टाकलं. सासरे ओसरीवरून म्हणाले, “खेकसत होतीस तवर ठीक होतं.” त्यानंतर गल्लीत तिला कुणी मालक म्हटलं नाही.

पुढं माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले, तर ती भाकरी थापत होती. इकडंतिकडं बघून म्हणाली, “ताई, तो पाण्याचा व्हिडिओ तुमच्या फोनात हाय का?” मी ठेवून घेतला होता. तिचे हात पिठाचे, म्हणून फोन मीच तिच्यासमोर धरला. तिनं शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा लावायला सांगितला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

मग मनगटानं डोळे पुसून म्हणाली, “लय गुणाचा माणूस होता, ताई.”