हळदीच्या मागं मयतीचा फोल्डर

आमच्या दुकानात दोन गोष्टी न बोलवता येत्यात: धूळ आन् किस्से. धूळ तरी सून झाडून काढते. किस्से कोन झाडनार? एक उचलावा तर त्याच्या खाली दुसरा बसलेलाच!

धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या अलीकडं आमचं गाव. पोरगा ट्रकवर, म्हून साऊंडचं दुकान सून जयश्रीच बघते. बॉक्स, माईक, वायरी, समदं. म्या चौथीतून पळालेली, दारात खुर्ची टाकून येनाऱ्या-जानाऱ्याची टिंगल करते. ते बी काम कुनीतरी करायला पायजे का न्हाय?

दुकानातला कम्प्युटर लई जुना, सुपारीला बी तोच उचलून न्यायचा. मोठं काय टाकलं की त्याला धाप लागती. म्हून जयश्रीनं त्यात एक चिमुकला प्लेयर घातला. चित्र न्हाय, रंग न्हाय, नेट नको. फोल्डर दाखवा, त्यातली गानी ओळीनं वाजवनार. तो सरला की आपसूक पुढचा धरनार. गरीब बैलागत!

जयश्रीचं एकच सपान. गावच्या यात्रेत आपले बॉक्स वाजावंत. पन यात्रा कमिटीचे अध्यक्ष नाना. ते म्हनायचे, "बाईमानसाच्या हातात यात्रेचा माईक? लोक हसतील! लातूरच्या साऊंडवाल्यालाच सांगू."

जयश्री मला म्हनली, "आत्या, वरीसभर एक चूक न करता काम करून दावते. मग बघू नाना काय म्हनत्यात."

एक चूक न करता! ऐका आता.

*

पयलीच सुपारी हळदीची. फोल्डर नावाच्या ओळीनं लागलेले. 'हळद' समद्यात शेवटी. ती सरली की प्लेयर फिरून पयल्या फोल्डरवर. पयला कोनता? 'अंत्ययात्रा'!

बाया कोपरापातुर हळदीत, आन् बॉक्समधून मयतीचं भजन सुरू! नवरीच्या मामानं टोपी काढली. एका म्हातारीनं तर सवयीनं गळाच काढला. जयश्री पंगतीत बसलेली, उष्ट्या हातानं पळाली.

नवऱ्याचा बाप हात जोडून म्हनला, "अवं ताई, आधी लगीन तरी लागू द्या त्याचं!"

आन् नाना मांडवातच. "बघा! म्या काय म्हनत व्हतो?"

त्या दिसापासनं फोल्डर सरला की गप ऱ्हायचं, असं जयश्रीनं प्लेयरला शिकवलं.

*

मग बारसं. पाळन्याची गानी आमीच म्हनून मोबाईलवर भरलेली, म्या आन् माझी मैतरीन चंद्रभागा. गानं सरलं तरी फोन काय आमी बंद केला न्हाय.

सरपंचीनबाई ताट घेऊन बसल्या. पाळना सरला आन् बॉक्समधून चंद्रभागा खनखनीत बोलली, "सरपंचीनीच्या पोळीत पुरन हुडकावं लागतंय गं!" वर माझं हसू!

पाळन्यातलं लेकरू बी रडायचं थांबलं.

सरपंचीनबाईनं घास गिळला. म्हनल्या, "चंद्रभागाबाई, उद्या घरला या. दोघी मिळून हुडकू."

*

धाराशिवहून एक पोरगं आलं, कानात बाळी, गळ्यात साखळी. स्क्रीनकडं बघून म्हनलं, "आज्जी, ह्यात तर काहीच हालत न्हाय! गानं चाललंय हे कळतंय कसं?"

म्या म्हनलं, "बाळा, तुला डोळ्यानं ऐकनारी नवरी बघू आपन!"

*

शिमग्याच्या सकाळी मारुतीच्या देवळात आरतीचा फोल्डर लावला, तर आत वरातीची गानी! नावं कुनी अदलाबदल केली ते मला इचारू नका. म्या चौथीतून पळालेली.

लोक हात जोडून उभे, तोंडं उघडी. पुजारी घंटा वाजवायला लागला, तर घंटाच ठेक्यात! निरंजन हातात, म्हातारा कंबरंतून हालायला लागला!

मागनं म्हनतो कसा, "मारुती हालला न्हाय हो. मीच हाललो!"

नाना तिथंबी व्हते. जयश्री घरी येऊन जेवली न्हाय. म्हनली, "आत्या, यात्रा गेली आता."

*

आन् मग अण्णा गेले. अण्णा म्हंजे नानांचे वडील, नव्वदीला टेकलेले. दर ऐतवारी अंगूळ करून, धुतलेलं धोतर नेसून दुकानात यायचे. स्वतःचा पेन ड्राइव आनलेला, जयश्रीनं तसाच त्यांच्या नावच्या फोल्डरात उतरवलेला; गावातल्या बऱ्याच बाप्यांचे असे नावाचे फोल्डर व्हतेच. गान्याची नावं म्हंजे नुस्ते आकडे. हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचे. गाव म्हनायचं, अण्णा भजनात रमल्यात.

लातूरवाल्याला यायला दुपार हुनार व्हती. नाना स्वतः दुकानात आले. "जयश्री, बॉक्स काढ. अण्णांचाच फोल्डर लाव. त्यांच्या आवडीची भजनं वाजू देत."

"नाना, एकदा ऐकून बघू का?"

"देवाच्या नावाला काय तपासायचं?"

नानांच्या अंगनात अण्णांना पाटावर बसवून शेवटची अंगूळ घालायलेले. जयश्रीनं फोल्डर उघडला.

ढोलकी कडाडली! मागनं घुंगरं! आन् एक बाई लाडात येऊन बोलायली, "या पाव्हनं, जरा जवळ सरका की!"

तांब्या धरलेला हात वरच्या वर. टाळकऱ्यांचे टाळ अर्ध्यात. नानांचं तोंड पांढरंफटक. जयश्रीच्या हातातनं माऊस निसटून टेबलाखाली लोंबायला लागला.

जयश्री वायर उपटायला वाकली, तवर गोदाकाकू, अण्णांच्या मालकीन, डोळं पुसत म्हनल्या, "थांब गं पोरी. ऱ्हाऊ दे."

समदे त्यांच्याकडं बघायले.

"दर ऐतवारी हिच्यासाठीच अंगूळ करायचे. शेवटच्या अंगुळीला बी ऐकू दे त्यांना. घाला रं पानी!"

घातलं पानी. लावनी सरंपातुर घातलं.

राख सावडून झाली तसे नाना दुकानात आले. जयश्री उठून उभी, मान खाली. "नाना, चुकलं माझं."

नाना खुर्ची वढून त्या कम्प्युटरसमोर बसले. मग म्हनले, "यात्रेचे बॉक्स तुझेच."

जयश्री पाया पडायला वाकली. नानांनी माझ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आन् तिच्याजवळ सरकून बारीक आवाजात म्हनले,

"फकस्त माझ्या नावचा फोल्डर तेवढा आजच्या आज पुसून टाक."